मुलं सोपवण्याआधी: पाळणाघरातल्या माणसांची पार्श्वभूमी कशी तपासायची

इंग्लंडमधल्या सोहम गावात ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली तिथल्याच एका माध्यमिक शाळेत केअरटेकर होता. त्याला कामावर घेताना पोलिसांकडे चौकशी झाली होती आणि 'आक्षेपार्ह काही नाही' असंच उत्तर आलं होतं. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला, तेव्हा हे उत्तर कसं आलं ते उलगडलं. हंटली तेव्हा निक्सन हे दुसरं आडनाव लावत होता आणि पोलिसांनी फक्त त्याच नावावर शोध घेतला होता. हंटली या नावाने दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. एकाही तक्रारीत शिक्षा झाली नव्हती आणि नोंदीही धड ठेवलेल्या नव्हत्या. शाळेनेही मधल्या बेकारीच्या काळाबद्दल फारसं विचारलं नाही आणि कुणाच्याही नावे नसलेली, मोघम शिफारसपत्रं चालवून घेतली.

पडताळणी कशी करायची हे सांगताना मी कायम इथूनच सुरुवात करते, कारण पुढे सांगितलेला जवळजवळ प्रत्येक टप्पा या एका प्रकरणात कुठे ना कुठे चुकला होता. पाळणाघर चालवणारे, बालवाडीचं व्यवस्थापन बघणारे आणि घरी मूल सांभाळायला कुणाला ठेवणारे आईवडील, असे सगळेच हा लेख वापरू शकतात. देशागणिक फॉर्म वेगळे आणि खातीही वेगळी, पण कामाचा क्रम बहुतेक तोच राहतो.

आधी कळू द्या: नोंदी एका जागी नसतात

'पोलीस व्हेरिफिकेशन झालंय' हे वाक्य ऐकलं की आपण निर्धास्त होतो. पण नेमकं काय तपासलं गेलं? साधारणपणे चार वेगवेगळ्या ठिकाणी माहिती असते. न्यायालयाने दोषी ठरवल्याच्या नोंदी एका जागी, लैंगिक गुन्हेगारांची यादी दुसऱ्या जागी. बालसंरक्षण खात्याकडे मुलांचा छळ किंवा हेळसांड झाल्याच्या तक्रारींची स्वतंत्र नोंद असते, आणि ही प्रकरणं कित्येकदा कोर्टापर्यंत जातच नाहीत. चौथी माहिती स्थानिक पोलीस ठाण्याकडे असते: तक्रार आली, चौकशी झाली, पुढे काही झालं नाही.

अमेरिकेने २०१४ च्या बालसंगोपन अनुदान कायद्यात ही वेगवेगळी दारं एकेक करून ठोठावायला सांगितली आहेत. एफबीआयकडून बोटांच्या ठशांवरून तपासणी, राष्ट्रीय लैंगिक गुन्हेगार यादी, आणि गेल्या ५ वर्षांत ती व्यक्ती ज्या ज्या राज्यात राहिली त्या प्रत्येक राज्याच्या गुन्हे नोंदी, लैंगिक गुन्हेगार यादी आणि बालछळाच्या नोंदी. ब्रिटनमध्ये सोहमनंतर कायदे बदलले आणि २०१२ अखेर डीबीएस ही पार्श्वभूमी तपासून दाखला देणारी सरकारी संस्था उभी राहिली. तिच्या दाखल्याचे बेसिक, स्टँडर्ड आणि एन्हान्स्ड असे स्तर आहेत. एन्हान्स्ड दाखल्यात स्थानिक पोलिसांना महत्त्वाची वाटलेली माहितीही येते, आणि मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीशी ताडूनही पाहता येतं. बेसिक दाखल्यात यातलं काही नसतं. भारतात पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं वगैरे संस्थांनी कायम, कंत्राटी, शिकवणारे, न शिकवणारे अशा सगळ्याच कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. मात्र २०१८ मध्ये सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची फक्त तपास यंत्रणांना उघडता येते, पालकांना नाही.

म्हणून पहिलं काम: तुमच्याकडच्या तपासणीत या चारपैकी काय काय येतं, हे संबंधित खात्याला थेट विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. जे येत नाही ते दुसऱ्या वाटेने भरून काढायचं आहे.

टप्पा १: कुणाकुणाची तपासणी, याची यादी

शिकवणाऱ्या ताई आणि सांभाळणाऱ्या मावशी कुणी विसरत नाही. निसटतात ते बाकीचे: स्वयंपाकाच्या मदतनीस, व्हॅनचा ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा गाणं शिकवायला येणारे सर, शनिवारी हिशेब लिहायला येणारा भाचा, सुट्टीत मदतीला येणारे कॉलेजचे विद्यार्थी. एक कागद घ्या आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे एकच प्रश्न लिहा: ही व्यक्ती मुलांसोबत एकटी राहू शकते का? 'हो' किंवा 'क्वचित' असं उत्तर आलं तर तपासणी करायची.

घरातच पाळणाघर चालवत असाल तर घरातली मोठी माणसंही या यादीत येतात. अमेरिकेत अशा घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सक्तीची आहे. दिराला किंवा सासऱ्यांना 'तुमचे ठसे द्यायचे आहेत' म्हणणं अवघड जातं, मान्य. नियम सगळ्यांना सारखा असला की ते सोपं होतं, कारण मग कुणा एकावर संशय घेतल्यासारखं दिसत नाही. आमच्याकडे पहिला फॉर्म मी माझा स्वतःचा भरला. त्यानंतर कुणी कुरकुर केली नाही.

टप्पा २: लेखी संमती आणि स्वतःचं निवेदन

जाहिरातीतच लिहा की पार्श्वभूमी तपासली जाईल. ज्यांना लपवायचं असतं त्यातले काही अर्जच करत नाहीत. हा सगळ्यात स्वस्त टप्पा आहे, तरी बरेच जण तो गाळतात.

अर्जासोबत दोन कागद घ्यायचे. एक संमतीपत्र: कोणकोणती तपासणी होणार, माहिती कोण बघणार, किती दिवस ठेवणार. ते वेगळ्या पानावर असू द्या, नेमणुकीच्या अटींच्या गर्दीत दडवू नका. अमेरिकेत खासगी एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची असेल तर असा स्वतंत्र कागद कायद्यानेच लागतो. दुसरा कागद म्हणजे उमेदवाराचं निवेदन: शिक्षा झाली आहे का, खटला चालू आहे का, मुलांच्या संदर्भात कधी चौकशी झाली का, कुठल्या कामावरून काढलं गेलं का. खाली सही आणि तारीख.

या निवेदनाचा उपयोग नंतर होतो. दाखल्यात काही निघालं आणि ते निवेदनात आधीच होतं, तर बोलायला जागा आहे. दाखल्यात आहे आणि निवेदनात नाही, तर मूळ गुन्ह्याहून हे लपवणंच गंभीर. अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती देणारा आणि तपासणीला नकार देणारा, दोघंही सरळ अपात्र ठरतात.

टप्पा ३: माणूस तोच आहे ना?

सोहममधली मोठी चूक इथली होती. मूळ ओळखपत्रं समोर ठेवून बघा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालणार नाही. फोटो असलेलं एक, जन्मतारखेचं एक आणि पत्त्याचं एक. तिन्हींवरची जन्मतारीख एकच आहे का, हे बोट ठेवून वाचा.

मग नावं. जन्मापासून लावलेली सगळी नावं लिहून घ्या: लग्नाआधीचं आडनाव, घटस्फोटानंतरचं, वडिलांचं नाव मधे घालून लिहिलेलं, कागदावर कधीतरी आलेलं टोपणनाव. आपल्या नावांची आणखी एक गंमत म्हणजे रोमन लिपीत गेली की त्यांची तीन-तीन स्पेलिंगं होतात. 'दीक्षित' कुठे एका 'आय'ने, कुठे दोन 'ई'ने. संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. म्हणून प्रत्येक स्पेलिंग फॉर्मवर आलं पाहिजे.

बोटांच्या ठशांनी हा घोळ बराच मिटतो, म्हणून जिथे ठशांची सोय आहे तिथे ती वापरा. फक्त एक व्यावहारिक सूचना. भांडी-धुण्याची कामं केलेल्या आणि वय झालेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसे उमटत नाहीत आणि अर्ज परत येतो. ठसे द्यायच्या आधी आठवडाभर हाताला रोज क्रीम लावायला सांगा. एफबीआयकडे ठसे दोनदा नाकारले गेले तर नावावरून तपासणीची विनंती करता येते. ठसे उमटले नाहीत यावरून त्या बाईंबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

टप्पा ४: राहिलेल्या जागांचा नकाशा

गेल्या ५ वर्षांत (जमलं तर १०) ती व्यक्ती कुठे कुठे राहिली आणि कुठे कुठे काम केलं, हे महिना-वर्षासकट मांडा. दोन रकाने शेजारी शेजारी काढा, एक राहण्याचा आणि एक नोकरीचा. जिथे दोन्हीकडे रिकामं दिसतं तिथे विचारा. बाळंतपण, आजारपण, आईवडिलांची सेवा, परीक्षेची तयारी, अशी साधी उत्तरंच बहुतेक वेळा येतात. पण विचारायचं. उत्तर पटण्यासारखं आहे का आणि कुणाकडून त्याची खातरजमा होईल, हे दोन्ही टिपून ठेवा.

परदेशात राहून आलेल्यांचा दाखला त्या देशातून मागवावा लागतो. ब्रिटनमध्ये राहून गेलेल्यांना दुसऱ्या देशात मुलांसोबत काम करण्यासाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळतं. युरोपीय संघातल्या देशांत गुन्हे नोंदींची देवाणघेवाण २०१२ पासून एका सामाईक यंत्रणेतून होते. भारतातून बाहेर जाणाऱ्यांना पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घेता येतं. याला वेळ लागतो, म्हणून यादीतलं हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

टप्पा ५: दाखला यायचा आहे, तोवर काय?

इथे सगळे घसरतात. मावशी अचानक सोडून गेल्या, सोमवारी बारा मुलं येणार, नवीन मावशी भल्या दिसतात, कागद येईल महिन्याभरात. मी हा मोह समजू शकते, पण एक सीमा आखूनच घ्या: निकाल येईपर्यंत ती व्यक्ती क्षणभरही मुलांसोबत एकटी राहणार नाही. अमेरिकेत निदान एक ठसे-तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कामच सुरू करता येत नाही, आणि बाकीचे निकाल येईपर्यंत तपासणी पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याची कायम नजर लागते. राज्यांनी हे निकाल ४५ दिवसांत द्यायचे असतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ३१ ऑगस्ट २०२० पासून पगारी नोकरीसाठीही 'ब्लू कार्ड' हा मुलांसोबत काम करायचा परवाना हातात नसेल तर काम सुरूच करता येत नाही.

'एकटी नाही' याचा अर्थ नेमका ठरवा. शी-शू, कपडे बदलणं, दुपारची झोप, फाटकापर्यंत पोहोचवणं, व्हॅनमधली शेवटची दहा मिनिटं. धोका याच वेळांना असतो. या वेळांना सोबत कोण असेल, त्याचं नाव वेळापत्रकात लिहा.

टप्पा ६: फोनवरची चौकशी

मला निवडायला सांगितलं तर दाखल्याइतकीच किंमत मी या टप्प्याला देईन. मुलांना त्रास देणाऱ्या पुष्कळ लोकांच्या नावावर कधीच गुन्हा नोंदलेला नसतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या एका पाळणाघरातली कर्मचारी मुलांच्या लैंगिक छळाबद्दल पकडली गेली. तिची गुन्हे तपासणी आधी झालेली होती आणि ती स्वच्छ निघाली होती. दाखला जे कधी नोंदलंच गेलं नाही ते सांगू शकत नाही. आधी सोबत काम केलेल्या माणसाला ते ठाऊक असू शकतं.

उमेदवाराने हातात आणून दिलेलं शिफारसपत्र बाजूला ठेवा. किमान दोन जण स्वतः गाठा, आणि त्यातली एक व्यक्ती शेवटच्या मुलांसंबंधीच्या कामातली वरिष्ठ असावी. नातेवाईक नकोत. नंबर उमेदवाराने दिला असेल तरी संस्थेचा नंबर वेगळा शोधून त्यावर फोन करा. पलीकडची 'मॅडम' प्रत्यक्षात मैत्रीण असू शकते.

'स्वभावाने कशा आहेत?' विचारलंत तर 'छान आहेत' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा असं विचारा:

- कधीपासून कधीपर्यंत होत्या, आणि का सोडलं? (अर्जातल्या तारखांशी ताडून बघा.)
- मूल हट्टाला पेटलं, सारखं रडायला लागलं, तर त्या काय करायच्या? एखादा प्रसंग आठवतो का?
- एखाद्याच मुलाशी वेगळी जवळीक, त्याला वेगळ्या भेटी, वेळेबाहेर पालकांच्या घरी जाणं, असं कधी जाणवलं?
- मुलांच्या बाबतीत त्यांच्याविरुद्ध कधी तक्रार किंवा चौकशी झाली होती का?
- उद्या जागा रिकामी झाली तर त्यांना परत घ्याल?

शेवटच्या प्रश्नानंतर गप्प राहा. 'हो, लगेच' आणि '...हो, म्हणजे, घेऊ की' यांतला फरक कानाला कळतो. घुटमळलेलं उत्तर आलं तर सरळ म्हणा, 'तुम्ही थोडं थांबलात, काही सांगायचं आहे का?' मी हे विचारलंय आणि त्यातून दोनदा महत्त्वाचं कळलंय.

न्यूझीलंडच्या २०१४ च्या बाल कायद्यात पोलीस तपासणी हा सुरक्षा तपासणीचा फक्त एक भाग आहे. ओळख पटवणं, मुलाखत, ५ वर्षांचा कामाचा इतिहास, संदर्भ देणाऱ्याशी बोलणं आणि शेवटी या सगळ्यावरून जोखमीचा अंदाज लिहिणं, हेही त्यात येतं. मला ही मांडणी सगळ्यात शहाणी वाटते.

टप्पा ७: दाखल्यात काही निघालं तर

आधी श्वास घ्या आणि बघा, हा माणूस तोच आहे का. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा चिकटतो. जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव ताडून पाहा. मग नोंद कसली आहे ते वाचा: दोषी ठरले, खटला प्रलंबित आहे, निर्दोष सुटले की नुसती तक्रार? यांना एका तराजूत तोलू नका.

काही बाबतीत तोलायचं कारणच नाही. खून, मुलांवरचे गुन्हे, लैंगिक अत्याचार, अपहरण, जोडीदाराला मारहाण: अमेरिकी कायद्यात अशा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती बालसंगोपनात काम करू शकत नाही, मग कितीही वर्षं झालेली असोत. अमली पदार्थांच्या गुन्ह्यावरची बंदी मात्र मागच्या ५ वर्षांपुरती आहे.

या यादीबाहेरचं असेल तर गुन्हा कसला, तेव्हा वय किती होतं, किती वर्षं लोटली, पुन्हा काही घडलं का, आणि नेमकं काम कोणतं, हे बघा. एकोणिसाव्या वर्षी दुकानातून कपडे चोरलेली आणि आज चाळिशीत असलेली बाई मुलांना धोका ठरते असं मला वाटत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची दोन वर्षांपूर्वीची नोंद असलेल्याला मात्र मी स्वयंपाकघरात घेईन, व्हॅनवर नाही.

नकार द्यायचा असेल तर आधी त्या व्यक्तीला कागद दाखवा आणि उत्तर द्यायला वेळ द्या. बऱ्याच देशांत हा तिचा हक्कच आहे, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायला तिला अपीलही करता येतं. निर्णय संस्थेतल्या दोघांनी मिळून घ्या आणि कारण चार ओळींत लिहून ठेवा. बाकी कर्मचाऱ्यांत त्याची चर्चा नको. अर्ज परत गेला तरी त्या बाईंना त्याच वस्तीत राहायचं असतं.

घरी मूल सांभाळायला बाई ठेवणाऱ्यांसाठी

संस्थेला मिळणारी माहिती पालकांना बहुधा मिळत नाही. म्हणून उमेदवारालाच स्वतःचा दाखला काढून आणायला सांगा आणि खर्च तुम्ही द्या. टप्पा ३, ४ आणि ६ जसेच्या तसे करा. एजन्सीमार्फत घेत असाल तर 'व्हेरिफाईड' या शब्दावर न थांबता विचारा: कुणी केलं, कधी केलं, कागद दाखवा. पहिले काही दिवस न सांगता लवकर घरी या.

टप्पा ८: फाईल आणि पुन्हा तपासणी

दाखला खरा असतो तो त्यावरच्या तारखेपुरता. ब्रिटनच्या डीबीएस दाखल्यावर मुदतच छापलेली नसते. अमेरिकेत तपासणी किमान दर ५ वर्षांनी, न्यूझीलंडमध्ये दर ३ वर्षांनी पुन्हा करायची असते. क्वीन्सलँडमध्ये कार्डधारकांच्या नावांवर पोलिसांची रोज नजर असते. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर वर्षातून एकदा सगळ्यांकडून निवेदनाचा कागद नव्याने सही करून घ्या.

फाईल कुलपात. किल्ली दोघांकडेच. न निवडलेल्यांचे कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करा. निवडलेल्यांच्या फाईलवर पहिल्याच पानावर पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटचा टप्पा: कुणी सोडून जातं तेव्हा

कुणाबद्दल तक्रार आली की बऱ्याच संस्था 'तुम्हीच राजीनामा द्या' म्हणून प्रकरण मिटवतात. माणूस पुढच्या पाळणाघरात जातो. ब्रिटनमध्ये मुलांना इजा केल्यामुळे किंवा धोका असल्यामुळे कुणाला कामावरून दूर केलं तर डीबीएसला कळवणं बंधनकारक आहे, चौकशीआधीच त्याने राजीनामा दिला तरीही. अमेरिकेत २०१५ च्या शिक्षण कायद्याने मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याची माहिती असलेल्या शाळा कर्मचाऱ्याला दुसरीकडे नोकरी मिळवून द्यायला मनाई केली आहे.

तुमच्याकडे तक्रार आली तर ती पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण खात्याकडे त्याच दिवशी द्या आणि फाईलमध्ये तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे लिहा. कधीतरी अनोळखी नंबरवरून फोन येईल, पलीकडे दुसऱ्या पाळणाघराच्या ताई असतील आणि त्या विचारतील, 'यांना परत घ्याल का?' तेव्हा ती फाईल काढा आणि त्यात जे लिहिलंय तेवढंच सांगा.